अस्वलाचं झबलं

मुलाच्या लाडक्या कापडी अस्वलाला घरी कपडे शिवणं हा फावल्या वेळेतला हौसेचा उद्योग समजला जातो. माझ्या मते त्या खेळण्यासाठी मोठ्या माणसाला जे काही करता येतं, त्यात याच्याइतकं शहाणपणाचं काम दुसरं नाही. खेळणं मळलं की आपण धुतो, उसवलं की टाके घालतो, फारच जुनं झालं की मुलाची नजर चुकवून टाकतो आणि नवं आणतो. हे सगळे उपाय थेट खेळण्याच्या अंगाशी खेळतात. कपडा मात्र वरून चढतो आणि हवा तेव्हा उतरतो.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 साली वाचलेल्या आणि 1953 मध्ये छापून आलेल्या निबंधात मुलांच्या अशा जिवलग वस्तूंचा विचार केला आहे. आईपासून हळूहळू सुटं होणारं बाळ एखादं पांघरूण, चिंधी किंवा मऊ खेळणं धरून ठेवतं. त्या वस्तूवर हक्क बाळाचा. ते तिला कुरवाळेल, चावेल, आपटेल, पण तिच्यात बदल करायचा तो त्यानंच. आई ती वस्तू मळू देते, तिला वास येऊ देते, कारण धुतली तर बाळाच्या अनुभवात खंड पडेल हे तिला उमगलेलं असतं, असं ते सांगतात. घरच्या झबल्याचा उपयोग नेमका इथे आहे. लाळ आणि वरणभात झबल्यावर सांडतो, झबलं धुवायला जातं आणि अस्वल आपल्या वासासकट मुलाच्या कुशीत राहतं.

यावर कोणी म्हणेल, विनिकॉट यांच्यासमोर विलायती मुलं होती. आपल्याकडे मूल आईच्या किंवा आजीच्या कुशीत झोपतं, त्याला अस्वल कशाला? आक्षेपात तथ्य आहे. हाँग आणि टाऊन्स यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी बाळांच्या मानानं कोरियन बाळांमध्ये अशा वस्तूंची ओढ कमी आढळली होती. पण ओढ कमी असणं म्हणजे नसणं नव्हे. आजीच्या लुगड्याचा पदर किंवा गोधडीचा एक कोपरा धरल्याशिवाय न झोपणारी मुलं आपल्याकडेही आहेत. तेच लुगडं विरलं की त्याच्या धड राहिलेल्या भागातून अस्वलाची अंगी बेतता येते. देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णाला अंगरखा-टोपी शिवणाऱ्या हातांना हे काम परकं नाही.

काम सोपं आहे, असं मात्र समजू नये. माणसाच्या बाळाचा कागदी बेत लहान करून अस्वलाला लावला की तो हमखास फसतो. अस्वलाला मान जवळपास नसते आणि डोकं छातीहून मोठं असतं. त्यामुळे डोक्यातून घालायचा सदरा अडकतो, आणि गळा वाढवला तर खांद्यावरून घसरतो. म्हणून झबलं पाठीमागून पूर्ण उघडं ठेवावं. हात धडाच्या बाजूला सरळ फाकलेले असतात, तेव्हा मुंढा खोल कापावा आणि बाही आखूड ठेवावी. मापाची टेप फर दाबून धरू नये. छातीचा घेर 28 सेंटिमीटर भरला तर शिवलेलं झबलं 31-32 तरी असावं, शिवाय टिपेसाठी माया वेगळी. गळ्याला उरेब पट्टी लावली की गोलाई नीट बसते. चड्डीची खरी परीक्षा अस्वल बसल्यावर होते. मागची उंची पुढच्यापेक्षा जास्त ठेवली नाही, तर ती बसताक्षणी खाली ओढली जाते. शेपटीला भोक ठेवायचं ते काजासारखं गुंफून, नाहीतर दोन दिवसांत धागे निघतात. हे सारं त्या एका अस्वलाच्या अंगावरूनच ठरतं, म्हणून बाजारातला तयार कपडा त्याला क्वचितच बसतो.

मऊ खेळण्याचा धंदाही शिवणकामातूनच वर आला. जर्मनीतल्या गिंगन गावच्या मार्गारेटे स्टाइफ लहानपणी पोलिओ झाल्यानं चाकांच्या खुर्चीत बसून शिवणकाम करत. 1880 मध्ये त्यांनी सुया टोचायला फेल्टचे छोटे हत्ती केले, आणि मुलांनी ते खेळायला पळवले. पुढे पुतण्या रिचर्ड यांचं अस्वल 1903 च्या लाइप्झिग जत्रेत गेलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बिअट्रिक्स पॉटर यांनी आपल्या पीटर सशाची बाहुली स्वतः शिवून तिची नोंदणी केली. त्यांच्या गोष्टीत निळ्या जाकिटाची मोठी बटणं जाळीत अडकतात, आणि जाकीट टाकून दिल्यावरच ससा सुटतो. कपडा चढवणं हाही खेळण्यातला बदलच, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर या सशाकडे आहे. जो कपडा मुलाला स्वतः उतरवता येतो, तो लादलेला राहत नाही. उलट, जो कायमचा टाचून टाकला, तो खेळण्यावरचा अतिक्रमणच.

सर्वात गंभीर आक्षेप श्रमाचा आहे. आधीच दमलेल्या आईच्या माथी आणखी एक काम, आणि सुईदोरा म्हणजे मुलींचं काम हा समज पुन्हा पक्का. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते आणि म्हणूनच सांगते, हे काम एकट्या आईचं असूच नये. धावदोरा बाबांना येतो, आजोबांना येतो, आठ वर्षांच्या मुलालाही शिकवता येतो. कापड कोणतं हे मात्र अस्वलाच्या धन्यानं ठरवावं, रंग आपल्याला कितीही भडक वाटला तरी.

दिवाळीच्या कपड्यांच्या कातरणी शिंप्याकडून मागून घ्या. मूल तीन वर्षांखालचं असेल, तर बटण, टिचबटण, मणी आणि लांब नाडी यातलं काहीही लावू नका. पाठीवर वेलक्रोची पट्टी पक्की शिवा, आणि प्रत्येक टाका ओढून पाहिल्याशिवाय झबलं मुलाच्या हाती देऊ नका.