माग काढणाऱ्यांचा माग

जुन्या मराठी गावात चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, पावलांचा माग काढत निघायचा. माग शिवेपलीकडे गेलेला दाखवला की जबाबदारी शेजारच्या गावच्या जागल्यावर. माग आपल्याच शिवेत हरवला, तर भरपाईचा बोजा त्याच्यावर आणि गावावर. रामोशी, महार, कोळी, भिल्ल, जिथे जो असेल तो हे काम करी, आणि त्या बदल्यात बलुतं किंवा इनाम जमीन खाई. कागद नव्हता, पण गावाला माणूस ठाऊक होता.

१८१८ मध्ये पेशवाई जाऊन ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य आलं आणि हे विस्कटलं. रामोशांचे हक्क, इनामं कंपनीने काढून घेतली. त्यातूनच रामोशांचे पुढारी उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. ज्याच्या भरवशावर मुलूख झोपत होता, त्याचीच भाकर काढून घेतली, तर दुसरं काय होणार होतं?

पुढचा काळ कायद्यांचा. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावची राखण पोलीस पाटलाकडे आणि पाटील जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या ताब्यात दिला. १८७४ च्या कायद्याने वतनं सरकारी चौकटीत बसवली. राखणदार आता गावाला कमी आणि कचेरीला जास्त उत्तरदायी झाला.

खरा घाव मात्र गुन्हेगार जमाती कायद्याचा. १८७१ मध्ये तो उत्तरेकडे लागू झाला, १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. अख्ख्या जमातीची नावं रजिस्टरात, बोटांचे ठसे, ठाण्यावर हजेरी, परगावी जायला परवानगी. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नव्हती, जन्म पुरेसा होता. त्या कायद्यातून पुढे सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जातींच्या आपल्याकडच्या यादीत आज रामोशीही आहेत. पिढ्यान् पिढ्या चोराचा माग काढणाऱ्यांना चोरांच्या रांगेत बसवणं, हा मला त्या राजवटीचा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर संपला. १८६७ च्या कायद्याची जागा १९६७ मध्ये महाराष्ट्राच्या नव्या ग्राम पोलीस कायद्याने घेतली.

नोंदणी मात्र राहिली, वेगळ्या हेतूने. १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार खाजगी सुरक्षारक्षकांची नावं सुरक्षारक्षक मंडळाकडे नोंदवली जातात, ती त्यांचा पगार, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी शाबूत राहावा म्हणून. आपल्या सोसायटीच्या दारातल्या रक्षकाचं नाव तिथे आहे का, एकदा त्यालाच विचारा.