बॉनेटच्या पोटात काय भरायचं?

किराणा सामानाचा रिकामा खोका घ्या आणि त्याच्या पुठ्ठ्याची कड निरखून बघा. दोन बाजूंना सपाट कागद, मधे नागमोडी कागद. सुटा केला तर यातला एकही कागद स्वतःचा तोल सांभाळत नाही. चिकटवले की तोच पुठ्ठा दहा किलो तांदूळ पेलतो. गाडीचं हलकं फायबरचं बॉनेट याच युक्तीवर उभं असतं: वर-खाली ग्लासफायबरची किंवा कार्बनची पातळ कातडी, आणि मधे हलका गाभा, म्हणजे कोअर. गाडी शर्यतीत उतरवणारे, कॉलेजात स्वतःची रेसिंग कार बांधणारे विद्यार्थी, जुन्या गाड्या हौसेने उभ्या करणारे, सगळेच ग्लास की कार्बन यावर तासन् तास बोलतात. गाभा मात्र शेवटी ठरतो, जो हाताशी असेल तो. माझ्या मते विचार याच टोकापासून सुरू व्हायला हवा.

‘गाभा जितका टणक, तितकं बॉनेट मजबूत’ हा समज सगळ्यांत पक्का रुजलेला आहे. बॉनेट मधोमध दाबलं की वरची कातडी आकसते, खालची ताणली जाते. बळ लावतात त्या दोघी. त्यांना एकमेकींपासून दूर धरायचं आणि एकीला दुसरीवरून सरकू द्यायचं नाही, एवढंच गाभ्याचं काम. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. दोन मिलीमीटरचं भरीव फायबर घ्या. तेच एकेक मिलीमीटरच्या दोन कातड्यांत वाटून मधे पाच मिलीमीटरचा फोम घातला, तर कडकपणा कागदावर सुमारे २७ पट होतो. फोम स्वतः जरासा सरकतो, म्हणून प्रत्यक्षात काहीसा कमी. आता वजन बघा. बॉनेट दीड चौरस मीटरचं धरलं, तर दर घनमीटरला ८० किलोचा फोम लागतो फक्त ६०० ग्रॅम. त्याच जागी प्लायवूड ठोकलं, तर तेवढ्यालाच साडेचार किलो जातात, म्हणजे दोन्ही कातड्यांच्या वजनाइतके. मग पत्रा काढून मिळवलं काय?

कोअरमॅट नावाच्या मऊ, न विणलेल्या चादरीबद्दलही असाच गोंधळ आहे. हातात घेतली तर ती कापसासारखी हलकी लागते. पण ती रेझिन, म्हणजे कातडी घट्ट करणारा चिकट द्रव, पिण्यासाठीच बनवलेली असते. भिजल्यावर तिचं वजन प्लायवूडच्या घरात पोचतं. कातडीच्या पाठीवरची ग्लासमॅटची नक्षी रंगातून उमटू नये, गोलाईवर झटपट जाडी यावी, यासाठी ती उत्तम आहे. पाच मिलीमीटरचा हलका गाभा म्हणून नाही.

थर्माकोलचा प्रश्न एका वाक्यात संपतो: पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. इपॉक्सी विरघळवत नाही, पण तापलेल्या इंजिनावर थर्माकोल ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

आणि खरी परीक्षा उष्णतेचीच. मे महिन्यात चंद्रपुरात हवाच ४५ अंशांना जाते. उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पृष्ठभाग ७०-८० अंशांपर्यंत तापतो. खालून इंजिनची धग असते. गाडी पळत असते तोवर वारा खेळतो. घाट चढून इंजिन बंद केलं की वारा थांबतो आणि साचलेली उष्णता थेट बॉनेटला भिडते. ‘बोटीत चालतो तो फोम गाडीत चालेलच’ म्हणणारे इथे फसतात. बोटी बांधणाऱ्यांच्या आवडीचा पीव्हीसी फोम सतत सोसू शकतो ते ७० अंशांच्या आसपास. बोटीखाली समुद्र असतो, तिथे एवढं पुरतं. बॉनेटमध्ये तो नरमला की कातड्यांची पकड सुटते, खळगे आणि फुगवटे दिसू लागतात. पाण्याच्या बाटलीचं जे प्लास्टिक, त्याच पीईटीचा फोम १०० अंशांपर्यंत टिकतो. पीएमआय फोम १८० अंशांच्या भट्टीतही आकार सोडत नाही, पण खिसा बराच सैल करावा लागतो. अर्थात नुसता गाभा बदलून भागत नाही. खोलीच्या तापमानाला पिकलेलं इपॉक्सी स्वतःच ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं. म्हणून बॉनेट मोल्डमध्ये असतानाच हळूहळू उष्णता देऊन रेझिन पक्कं करून घ्यावं, आणि जमलं तर रंग फिका निवडावा.

लाकडाचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, याचं मला वाईट वाटतं. बाल्सा हे लाकूड दर घनमीटरला साधारण १५० किलोचं, आणि फोम नरमतो त्या तापमानाला त्याला काहीच होत नाही. १९४० साली उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचं धड बर्चच्या पातळ प्लायमध्ये बाल्सा घालून बनवलं होतं. १९९७च्या शेवरोले कॉर्व्हेटच्या तळाच्या फळ्यांतही बाल्साचाच गाभा होता. त्याचे तंतू कातडीला काटकोनात उभे ठेवतात, म्हणून दाबाला तो फोमपेक्षा कितीतरी खंबीर. खरा शत्रू पाणी. रेझिनने बंद न केलेलं एक भोक राहिलं, तर पावसाळ्यात आत कूज धरते.

‘विमानात वापरतात ते हनीकोंबच सर्वोत्तम’ हे विमानाच्या कारखान्यात खरं आहे. १९८१च्या मॅक्लारेन एमपी४/१ या फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडा कार्बनच्या कातड्यांत ॲल्युमिनियमचं हनीकोंब घालूनच बनला होता. पण मधाच्या पोळ्यासारखी त्याची षटकोनी घरं उघडी असतात. ब्रशने आणि रोलरने काम केलं तर रेझिन त्यांत उतरून साचतं. कातडीला चिकटायला घरांच्या बारीक कडाच मिळतात, म्हणून खास चिकट फिल्म, व्हॅक्यूम आणि भट्टी हवी. कातडी पातळ असेल तर चकचकीत रंगाखाली षटकोनांची नक्षी दिसते. शिवाय कार्बन, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजतं. मधे ग्लासचा एक थर द्यावा लागतो.

कोणताही गाभा घ्या, बिजागरी आणि लॉकच्या जागी तो काढायचाच. नट आवळला की फोम चेपतो, नट सैल होतो, आणि महामार्गावर बॉनेट उघडून काचेवर आदळू शकतं. तिथे भरीव फायबर भरावं, आणि गाभ्याची कड एकदम न तोडता उतरती करावी. रस्त्यावरच्या गाडीसाठी आणखी दोन गोष्टी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि पादचाऱ्याचं डोकं आदळलं तर बॉनेटने दबायला हवं, त्यामुळे अति कडक बॉनेट तिथे धोक्याचंच.

मोल्डला हात लावण्याआधी एक फुटाचा चौकोनी नमुना करा. त्याच कातड्या, तोच गाभा, तेच रेझिन. वजन करा आणि दीड चौरस मीटरच्या हिशेबाने गुणा. मग तो काळा रंगवून भर उन्हात, दुपारी बारा ते चार, गच्चीवर दोन विटांवर आडवा ठेवा, आणि मधोमध तिसरी वीट.