घासून लढतीत तिसऱ्याचे मत

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत देशातली सर्वांत घासून लढत कोल्हापुरात झाली. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) दाजिबा देसाई काँग्रेसच्या उमेदवारापेक्षा १६५ मतांनी पुढे राहिले. त्या वर्षी ५४२ मतदारसंघांत याहून कमी फरकाने कोणीही निवडून आले नाही. देसाईंच्या मतदारांपैकी ८३ जणांनी ऐनवेळी मन बदलून काँग्रेसला मत दिले असते, तर निकाल उलटला असता. सबंध मतदारसंघात ८३ माणसे म्हणजे एक-दोन भावक्यांचे मतदान.

जाहीरनामे कसे वाचावेत, हा या आठवड्यासाठी ठरलेला विषय मागे ठेवावा लागत आहे. गेल्या हप्त्यानंतर शिरोळ तालुक्यातून एका वाचकाचा प्रश्न आला: लढत घासून असेल आणि मनातला उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर दिसत असेल, तर त्याला दिलेले मत वाया जाते का? प्रश्न शिरोळहूनच यावा यात नवल नाही; ते का, हे पुढे येईल. त्याचे उत्तर जाहीरनाम्यांच्या आधी यायला हवे, कारण मतदार बहुधा याच क्रमाने विचार करतो. निवडून कोण येऊ शकतो हे आधी, कोण काय म्हणतो ते नंतर.

१९७७ साली कोल्हापूरच्या मतदाराला हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण तो पक्षांनीच आधी सोडवून ठेवला होता. आणीबाणी पूर्ण उठली नव्हती. १८ जानेवारीला निवडणुकीची घोषणा झाली आणि मार्चमध्ये मतदान. महाराष्ट्रात जनता पक्ष, शेकाप आणि मार्क्सवादी यांनी एकमेकांच्या वाटेत न येण्याचे धोरण ठेवले. कोल्हापूर शेकापच्या वाट्याला आले. शेकापला त्या वर्षी मिळालेल्या पाच जागांत कोल्हापूरखेरीज दि. बा. पाटलांची कुलाबा आणि केशवराव धोंडग्यांची नांदेड या जागा होत्या. काँग्रेस नको असलेल्या मतदाराने कोणाला मत द्यायचे, हे ठरलेले होते. एरवी शेकापकडे ढुंकून न पाहणारा जनसंघाचा किंवा समाजवादी मतदारही त्यामुळे दाजिबांकडे वळू शकला. १६५ च्या फरकात या वळलेल्या मतांचा वाटा किती, हे कोणाला मोजता येणार नाही. पण ती मते दोन ठिकाणी विभागली असती तर दाजिबा दिल्लीला गेले नसते, एवढे नक्की.

पक्षांनी जोडणी आधीच लावून देण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने तेच केले होते, आणि त्या वेळी कोल्हापूरच्या मतदाराकडे एक जादा हत्यार होते. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकाला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतपत्रिका तिच्यात टाकायची. समितीच्या मतदाराने एक पत्रिका शेकापच्या पेटीत आणि एक शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या पेटीत टाकायची, असा सौदा होता. भाऊसाहेब महागावकर आणि एस. के. दिगे हे दोघेही निवडून आले. मराठा शेतकऱ्याचे दुसरे मत फेडरेशनला आणि दलित मतदाराचे दुसरे मत शेकापला, असे एकमेकांना मत देण्याची सोय करणारी पद्धत १९६१ च्या कायद्याने गेली. आजच्या आघाड्यांत मते ‘ट्रान्सफर’ होतात की नाही यावर रात्ररात्र चर्चा करणाऱ्यांनी त्या निवडणुकीचे आकडे एकदा काढून पाहावेत.

आताच्या पद्धतीत एक मतदार, एक मत आणि सर्वाधिक मते घेणारा विजयी. निम्म्याहून जास्त मते मिळवण्याची अट नाही. फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युवर्जे यांनी १९५१ मध्ये या पद्धतीचा परिणाम दोन पायऱ्यांत मांडला. पहिली पायरी निव्वळ हिशेबाची: तिसऱ्या पक्षाला मते मिळतात, जागा मिळत नाहीत. दुसरी मनाची: हे पाहून मतदार पुढच्या वेळी तिसऱ्याला सोडतो आणि पहिल्या दोघांतल्या त्यातल्या त्यात बऱ्याला मत देतो. कालांतराने लढत दुरंगी होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये हाच विचार एका मतदारापुरता मांडला. दोन पक्षांच्या कारभारात त्याला किती फरक वाटतो हे एक, आणि त्याच्या एका मताने निकाल ठरण्याची शक्यता किती हे दुसरे. या दोहोंचा गुणाकार करायचा. शक्यता इतकी क्षुल्लक असते की गुणाकार शून्याच्या जवळ जातो, आणि मग माणसे मतदानाला जातात तरी कशाला, असा पेच उभा राहतो. नंतरच्या अभ्यासकांना तो सोडवण्यासाठी कर्तव्यबुद्धी नावाची एक जादा रक्कम समीकरणात भरावी लागली.

कोल्हापूर जिल्ह्यात हा पेच पडत नाही. २०२४ च्या लोकसभेला राज्यात सर्वांत जास्त मतदान झालेल्या मतदारसंघांपैकी कोल्हापूर एक होते, ७१ टक्क्यांच्या वर. इथे मतदार एकटा ठरवत नाही आणि एकटा जातही नाही. गावातल्या शाळेच्या फाटकापासून ठरलेल्या अंतरावर दोन गटांची दोन टेबले असतात. टेबलावर मतदारयादी, पट्टी आणि पेन्सिल. चिठ्ठी घेऊन माणूस आत गेला की यादीत त्याच्या नावावर खूण पडते. दुपारी तीनच्या सुमाराला कोणत्या घरातून कोण यायचे राहिले हे टेबलावरचा पोरगा तोंडपाठ सांगतो, आणि मोटारसायकली सुटतात. शाहूवाडीसारख्या भागात मुंबईला कामाला असलेले मतदार गाड्या करून आणले जातात. तो खर्च कोणत्या खात्यावर पडतो, ही वेगळी लेखमाला होईल. ठरवणारे एकक भावकी, तालीम किंवा गट असेल, तर एका निर्णयात चाळीस-पन्नास मते असतात आणि डाऊन्सचा गुणाकार शून्याजवळ राहत नाही. विधानसभेला २०१४ मध्ये करवीरचा निकाल ७१० मतांनी लागला आणि शाहूवाडीचा ३८८ मतांनी. शाहूवाडीत चार-पाच भावक्यांनी तो फिरवला असता.

गटाचा निर्णय पाळला गेला की नाही, हे नंतर कळतेही. मतदान गुप्त असले तरी मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता निकालानंतर उपलब्ध होतो. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजण्याच्या यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो अमलात आलेला नाही. त्यामुळे कोणत्या वाडीने शब्द राखला हे दुसऱ्या दिवशी चावडीवर मोजले जाते. मतदाराने कोणाला पाठिंबा द्यायचा याचा विचार करताना ही नजर हिशेबात घ्यावीच लागते. पाठ्यपुस्तके ती घेत नाहीत.

मग पक्षाचे काय? कोल्हापुरात गट टिकतात आणि त्यांच्यावरचे पक्ष बदलतात. सदाशिवराव मंडलिक १९९८ मध्ये काँग्रेसकडून, १९९९ आणि २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून आणि २००९ मध्ये अपक्ष निवडून आले. धनंजय महाडिक २००४ मध्ये शिवसेनेचे उमेदवार होते, २०१४ मध्ये राष्ट्रवादीचे खासदार झाले आणि पुढे भाजपकडून राज्यसभेवर गेले. २०१९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची आघाडी असताना काँग्रेसच्या सतेज पाटील गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत राष्ट्रवादीच्या महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांना निवडून आणले, तेही दोन लाख सत्तर हजारांहून अधिक मतांनी. यामागे २०१४ चा हिशेब होता. सतेज पाटलांनी लोकसभेला मदत केलेल्या महाडिक घराण्यातलेच अमल महाडिक काही महिन्यांनी विधानसभेला भाजपकडून उभे राहिले आणि त्यांनी सतेज पाटलांना पाडले. शेतातला पैरा फेडावा लागतो तसा राजकारणातलाही, हे जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

या सगळ्यात लोकसभेपुरती एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर खासदाराला सभागृहात पक्षादेशाप्रमाणे मत द्यावे लागते, नाहीतर सदस्यत्व जाऊ शकते. गावचा रस्ता आणि कारखान्याची साखर यांचा विचार गटाने करावा. पण विश्वासदर्शक ठरावावर किंवा साखर निर्यातीच्या धोरणावर दिल्लीत जे मत पडते ते पक्षाचे असते. त्यामुळे लोकसभेला माणूस पाहून मत देणारा मतदार नकळत पक्षालाच मत देतो. यालाही कोल्हापूरने अपवाद दाखवला. २०१९ मध्ये शिवसेनेकडून निवडून आलेले जिल्ह्यातले दोन्ही खासदार, संजय मंडलिक आणि धैर्यशील माने, २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. पक्ष पाहून मत दिलेल्यांचा पक्षच दुभंगला.

त्याचा परिणाम ७ मे २०२४ ला हातकणंगल्यात दिसला, आणि शिरोळ याच मतदारसंघात येत असल्याने तिथल्या वाचकाचा प्रश्न मुळात इथलाच आहे. धनुष्यबाणावर माने, मशालीवर ठाकरे गटाचे सत्यजित पाटील-सरूडकर, शिट्टीवर स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी, शिवाय वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार. महाविकास आघाडीने शेट्टींना पाठिंबा द्यावा की त्यांनी मशाल हाती घ्यावी, यावर बोलणी अडली आणि तुटली. १९७७ मध्ये पक्षांनी सोडवलेला प्रश्न या वेळी मतदाराच्या अंगावर आला. सत्ताधारी नको असलेल्याने मशालीवर बटण दाबायचे की शिट्टीवर? माने १३,४२६ मतांनी निवडून आले. शेट्टींना पावणेदोन लाखांहून जास्त मते पडली. वंचितलाही विजयाच्या फरकाहून जास्त.

यावरून शेट्टींच्या मतदाराने माने यांना निवडून दिले असा निष्कर्ष पारावर लगेच निघाला. तो घाईचा आहे. तिसऱ्याची सगळी मते उचलून दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाहीत. शेट्टी उभेच नसते तर त्यांचा ऊसकरी मतदार काही मशालीकडे, काही धनुष्यबाणाकडे गेला असता आणि काही घरी बसला असता. २०१९ मध्ये हीच बेरीज उलट बाजूने झाली होती. शेट्टी ९६,०३९ मतांनी पडले, वंचितच्या उमेदवाराला एक लाख वीस हजारांच्या वर मते होती आणि शेट्टींच्या समर्थकांनी दोष वंचितला दिला. पाच वर्षांत दोष देणारे आणि घेणारे बदलले, हिशेबाची पद्धत तीच राहिली.

‘तिसऱ्याला मत म्हणजे वाया’ हा नियम आंधळेपणाने पाळला असता तर २००९ घडलेच नसते. त्या वर्षी हातकणंगल्यात शेट्टी स्वाभिमानीच्या बळावर राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना हरवून निवडून आले. शेजारच्या कोल्हापुरात मंडलिकांनी अपक्ष उभे राहून राष्ट्रवादीच्या संभाजीराजे छत्रपतींना हरवले आणि शिवसेनेचा अधिकृत उमेदवार मागे पडला. जिल्ह्यातल्या दोन्ही जागा मोठ्या पक्षांच्या बाहेर गेल्या. द्युवर्जे इथे चुकले असे म्हणायचे कारण नाही. लढत दोघांतच झाली होती, फक्त ते दोघे मुंबईतल्या वाहिन्यांनी गृहीत धरलेले नव्हते.

तेव्हा घासून लढतीत पहिले काम आपल्या मतदारसंघातले खरे दोघे ओळखण्याचे. राज्यातले वारे त्यासाठी अपुरे पडते. मागच्या निवडणुकीचा केंद्रनिहाय तक्ता, मधल्या काळात बदललेले गट, आणि दुसऱ्या फळीतले कार्यकर्ते कोणाच्या टेबलावर बसलेत ही माहिती जास्त कामाची. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचण्या दाखवायला बंदी आहे, पण ‘अमका रेसमधून बाहेर’ अशी आवई नेमकी तेव्हाच उठते. ती उठवणारा बहुधा दुसऱ्या क्रमांकावरचा असतो, आणि तिसऱ्याची मते फुटली तर त्याचा फायदा होणार असतो. मनातला उमेदवार खरोखर तिसरा आहे अशी खात्री पटली, तरीही पहिल्या दोघांत मतदाराला काडीचा फरक वाटत नसेल, तर तिसऱ्याला दिलेल्या मताने त्याचे काही नुकसान होत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर मागणाऱ्या नेत्यामागे किती मते आहेत, हे कारखानदारांना मतदानाच्या आकड्यांतूनच कळते. फरक वाटत असेल आणि तो मोठा असेल, तर मात्र तिसऱ्याची हौस महागात पडते. शिरोळच्या वाचकाला एवढेच उत्तर देता येते, कारण फरक किती वाटतो हे त्याचे त्याने ठरवायचे आहे.

याच पत्रात जोडप्रश्न होता: मते समसमान पडली तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे निवडणूक अधिकारी चिठ्ठी टाकतो, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्या उमेदवाराला एक जादा मत मिळाल्याचे धरले जाते. लोकसभेला अशी वेळ अजून आलेली नाही. १९८९ मध्ये आंध्रातल्या अनकापल्लीत आणि १९९८ मध्ये बिहारमधल्या राजमहलमध्ये फरक ९ मतांचा होता. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुंबई वायव्यला तो ४८ होता. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत मात्र प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना सारखी मते पडली, एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली आणि भाजपचे अतुल शहा नगरसेवक झाले. जाहीरनामे पुढच्या आठवड्यात.