तीन मीटरांतली करामत

छोट्या गाडीवरचं माझं प्रेम स्वस्ताईपोटी नाही. कमीत कमी लांबीत चार माणसं नीट बसवायला आखणाऱ्याला जे डोकं लढवावं लागतं, त्यावर मी आयुष्यभर लुब्ध आहे.

१९५६च्या सुएझ संकटात इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि अलेक इसिगोनिसकडे छोट्या गाडीचं काम सोपवलं गेलं. १९५९ साली आलेली त्याची मिनी जेमतेम १० फूट लांब होती. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली आणि चाकं १० इंचांची. वाचलेली सगळी जागा माणसांना मिळाली. पुढे फियाटच्या दान्ते जाकोसाने गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी आणला आणि जगभरच्या छोट्या गाड्यांनी तीच मांडणी उचलली.

आपल्याकडे ती घरोघरी पोचवली मारुती ८००ने. १४ डिसेंबर १९८३ला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. तोवर गाडी म्हणजे कुर्ल्याची फियाट नाहीतर उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर. मी शिकलो फियाटवर, स्टिअरिंगखालच्या गिअरवर. मारुतीचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन पहिल्या चावीला सुरू व्हायचं आणि क्लच पावलाला जाणवायचाही नाही. पेठेतल्या बोळातून ती अशी निघायची की पादचाऱ्याला भिंतीला चिकटावं लागत नसे. शहराशी सभ्यपणे वागणारी गाडी ही माझी कल्पना तिथेच पक्की झाली.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी तर मारुतीच्या कितीतरी आधी ‘मीरा’ ही छोटी गाडी स्वतः घडवली होती. कारखान्यात तिचं उत्पादन कधीच सुरू झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याहून जास्त वाईट वाटतं ते टाटांच्या नॅनोचं. १० जानेवारी २००८ला दिल्लीत ती दिसली आणि चर्चा झाली ती फक्त एका लाखाची. गिरीश वाघ यांच्या चमूने साधलं होतं ते त्याहून मोठं होतं. दोन सिलिंडरचं ६२४ सीसी इंजिन मागच्या सीटखाली, चाकं पार चार कोपऱ्यांत, छत उंच. बाहेरून ३.१ मीटर, मारुती ८००पेक्षा आखूड, तरी आत तिच्याहून प्रशस्त. उंच माणूसही मागे गुडघे न दुमडता बसे. सिंगूरचा कारखाना साणंदला हलवावा लागला, सुरुवातीला काही गाड्यांना आगी लागल्या, हे खरं. पण माझ्या मते तिला खरं मारलं ते ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाने. कर्ज काढून घेतलेली गाडी लोकांना दारात मानाने उभी करायची असते. ‘सर्वांत हुशार गाडी’ म्हणून ती विकली असती, तर २०१८मध्ये उत्पादन थांबलं नसतं, असं मी ठामपणे म्हणतो.

आपल्या करांनी ‘छोटी’ची हद्द चार मीटरवर आखली आणि कंपन्या त्या हद्दीपर्यंत गाड्या फुगवत गेल्या. बॅटरी मात्र नवी संधी देते. ती जमिनीखाली सपाट बसते आणि पुढे इंजिनाची खोली लागत नाही. २०२३ची एमजी कॉमेट म्हणूनच तीन मीटरांच्या आत चौघांना घेते. मागच्या सीटमागे सामानाला जागा जवळजवळ उरत नाही, एवढीच तिची उणीव. ती जागा कुणी काढून दाखवली, तर पहिल्याच दिवशी मी बुकिंग करेन.