लॅगविषयीचे रूढ गैरसमज

चिखली, जाधववाडी, मोशी या परिसरात उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत फायबरची जोडणी पोहोचली, आणि तिच्या मागोमाग असा एक समजही रूढ झाला की १०० एमबीपीएसच्या जागी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला म्हणजे बीजीएमआयसारख्या खेळातील लॅग आपोआप नाहीसा होतो. वस्तुतः एमबीपीएस हे मार्गाच्या रुंदीचे माप आहे. पुणे-नाशिक महामार्ग कितीही रुंद केला तरी मोशीपासून चाकणचे अंतर तेवढेच राहावयाचे. शंभर बाइटांचे पॅकेट सेकंदाला ६० वेळा धाडणाऱ्या खेळास अवघे ४८ किलोबिट पुरतात.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. चिखलीहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला दीड-दोन मिलिसेकंद लागतात, सिंगापूरपर्यंत मात्र किमान ४०. केबलचे वळसे आणि वाटेतले राउटर यांची भर पडून प्रत्यक्ष पिंग, म्हणजे या जाण्यायेण्यास लागणारा वेळ, याहून अधिकच भरतो. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपले क्लाउड केंद्र सुरू केल्यावर इकडील खेळकर्त्यांना सर्व्हर जवळ ठेवण्याची सोय झाली, हा लाभ लहान नव्हे. तथापि घरातल्या कोणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते, आणि मग सर्व्हर मुंबईत असूनही पिंग क्षणात चढतो. म्हणून सरासरी पिंगाइतकाच त्याचा चढउतार, म्हणजे जिटर, तपासला पाहिजे.

दुसरा गैरसमज खुद्द प्रोग्रामर मंडळींत आढळतो. एरवी वेबची कामे करणारा तळवड्याच्या आयटी पार्कातला होतकरू प्रोग्रामर खेळ लिहावयास बसला, की टीसीपी प्रत्येक पॅकेट क्रमाने आणि खात्रीने पोहोचवते म्हणून तीच निवडावी असे त्यास साहजिकच वाटते. पण टीसीपीत एक पॅकेट हरवले तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सारी ताटकळतात, आणि प्रतिस्पर्धी मघाशी कोठे होता या शिळ्या वार्तेसाठी तो आता कोठे आहे ही वार्ता अडून राहते. म्हणून वेगवान खेळांत अशी खात्री न देणारी, पण हरवलेल्या पॅकेटासाठी न थांबणारी यूडीपी वापरून, सामन्याचा निकाल किंवा खरेदीची नोंद यांसारख्या मोजक्याच मजकुरासाठी पोचपावतीचा बंदोबस्त स्वतः करणे इष्ट ठरते.

उरलेला विलंब केवळ झाकता येतो, आणि माझ्या मते प्रोग्रामरच्या कौशल्याची खरी कसोटी येथेच लागते. १९९६ च्या क्वेकवर्ल्ड या ऑनलाइन खेळात प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी खेळाडूचे पाऊल सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता त्याच्याच यंत्रावर आधी टाकावयाचे आणि उत्तर आल्यावर तफावत दुरुस्त करावयाची, अशी तजवीज केली. पुढे २००१ साली व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीचे यान बर्नियर यांनी आणखी एक पद्धत सविस्तर मांडली: गोळी झाडल्याची वर्दी आल्यावर सर्व्हर नेमबाजाचा विलंब वजा करून काळ मागे नेतो, त्या क्षणी त्याच्या पडद्यावर लक्ष्य कोठे होते ते आपल्या दप्तरी नोंदींतून काढतो, आणि मग निवाडा देतो. भिंतीआड शिरल्यावरही आपण टिपले गेलो अशी तक्रार करणारा खेळाडू समोरच्यावर लबाडीचा आळ घेतो, परंतु बहुधा तो या पद्धतीचाच परिणाम असतो. नेमबाजाला न्याय दिल्याने विलंबाचा भार लक्ष्यावर पडतो. तो भार बेसुमार वाढू नये म्हणून काळ मागे नेण्यास प्रोग्रामरने मर्यादा घालावी, एरवी ४०० मिलिसेकंद पिंगाचा खेळाडू साऱ्यांनाच जाचक होतो.

आपल्या टेबलावरच्या दोन संगणकांत खेळ सुरळीत चालला म्हणजे तो सिद्ध झाला, हाही समज सोडून द्यावा. लिनक्समधील नेटएम या साधनाने १५० मिलिसेकंदांचा कृत्रिम विलंब, थोडा जिटर आणि शेकडा दोन पॅकेटांचा लोप मुद्दाम घालून खेळ पहिल्या आठवड्यापासूनच चालवून पाहावा. खेळाडूची उडी, दरवाजा उघडणे, गोळी लागणे यांतील कोणते काम सर्व्हरच्या उत्तरावाचून अडते, हे तेव्हाच दिसते.