दोन राजधान्यांमधला माना

भनपुरी रायपूरच्या उत्तर टोकाला, बिलासपूर रस्त्यावर आहे. कारखाने, आरा मिली आणि दिवसरात्र ट्रकांची ये-जा. विमानतळ नेमका विरुद्ध दिशेला, शहराच्या आग्नेयेला, मान्याला. म्हणजे आम्हा भनपुरीकरांना विमान गाठायचं तर आधी सगळं रायपूर ओलांडावं लागतं. तरीही मी म्हणेन, राज्याच्या राजधानीला इतका सोयीचा विमानतळ क्वचितच मिळतो. स्टेशनपासून तो अवघा पंधराएक किलोमीटर आहे.

ही जवळीक कुणी आखून आणलेली नाही. मान्याची धावपट्टी जुनी, आणि तेव्हा ती गावाबाहेरच्या माळावर होती. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि पुढे नवा रायपूर वसवायला जागा निवडली गेली ती विमानतळाच्या पलीकडची. एका बाजूला जुनं शहर, दुसऱ्या बाजूला मंत्रालय, आणि मधे माना. उतरणारा प्रवासी डावी-उजवी निवडतो, ती खरं तर दोन राजधान्यांमधली निवड असते.

मान्याची खरी ओळख मात्र विमानांची नाही. जुनी माणसं आजही ‘माना कॅम्प’ म्हणतात. 1964 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हजारो बंगाली निर्वासित कुटुंबांना इथल्या छावणीत ठेवलं गेलं आणि इथूनच अनेकांना दंडकारण्यात वसवायला नेलं. विमानतळाकडे जाताना त्या वस्तीच्या नावाची पाटी दिसली, की गाडीतल्या मुलांना ही गोष्ट सांगावी असं मला कळकळीने वाटतं.

2012च्या जानेवारीत या विमानतळाला स्वामी विवेकानंदांचं नाव मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. नावाचं नातं पक्कं आहे. 1877 साली वडिलांच्या कामामुळे किशोरवयीन नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षं बुढापाऱ्यात राहिला. तेव्हा रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढे रायपूरपर्यंत जंगलातून बैलगाडी, पंधरवड्याहून अधिक दिवस. वाटेत डोंगराच्या कपारीतलं मधाचं प्रचंड पोळं पाहून तो भान हरपून बसल्याची आठवण चरित्रांत आहे. नागपूरकडच्या आम्हा मराठी घरांना ही वाट तोंडपाठ. आता नागपूर-बिलासपूर वंदे भारत (डिसेंबर 2022 पासून) ती काही तासांत कापते. म्हणून नागपूरला जायचं तर मी विमानाचा विचारही करत नाही. मुंबई-पुण्याला निघायचं असेल तेव्हाच मान्याची वाट.

भनपुरीहून निघणाऱ्याने खमतराई, फाफाडीह करत स्टेशनजवळून अटल पथ एक्स्प्रेसवे धरावा. हा रस्ता कशावर उभा आहे ठाऊक आहे? रायपूर-धमतरी नॅरो गेजच्या रुळांच्या जागेवर. 1900 च्या सुमारास सुरू झालेली ती छोटी गाडी तेलीबांधा, माना, अभनपूर अशी डुलत जायची. तिची माझ्या मनातली जागा रस्त्याने घेतलेली नाही, पण तिने सोडलेल्या पट्ट्यामुळे शहराच्या पोटातून विमानतळाकडे सरळ वाट मिळाली, हे तिचं ऋण मोठं. तेलीबांध्यातून निघणारा व्हीआयपी रोड हा दुसरा पर्याय. संध्याकाळी शहरातली गर्दी धरून एक तास हाताशी ठेवावा; डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं विमान असेल तर धुक्याची शक्यता गृहीत धरून विमान वेळेवर आहे का, ते घरूनच पाहून घ्यावं. परतीचं विमान दुपारी उशिरा असेल तर सकाळी नव्या रायपूरमधलं पुरखौती मुक्तांगण बघावं. बस्तरचं शिल्प आणि आदिवासी जीवन तिथे एका आवारात भेटतं आणि विमानतळही तिथून जवळ पडतो.

धावपट्टी आता सुमारे सव्वातीन किलोमीटरची आहे. तिच्या कडेला उभं राहिलेलं एक विमान मात्र रायपूरकर विसरणार नाहीत. ऑगस्ट 2015 मध्ये ढाक्याहून मस्कतला निघालेल्या बांगलादेशी विमानाचं इंजिन बिघडलं आणि वैमानिकाने ते मान्याला उतरवलं. पावणेदोनशेच्या घरातले प्रवासी सुखरूप होते; त्यांना दुसऱ्या विमानाने पुढे नेलं. बिघडलेलं विमान मात्र वर्षानुवर्षं इथेच उभं राहिलं आणि त्याच्या पार्किंगचं भाडं कोटींत गेलं. कित्येक वर्षं टर्मिनलच्या काचेतून लहान मुलं विचारायची, ते केव्हा उडणार.