अधिकाराच्या वाक्यातील कर्म

संगणकीय जालावरील कार्यप्रणालीत कोणास काय करू द्यावे, हे ठरविताना दोन भिन्न प्रश्नांची वारंवार गल्लत होते. आलेली व्यक्ती कोण, हा पहिला. तिला प्रस्तुत कृतीचा अधिकार आहे काय, हा दुसरा. पासवर्ड केवळ पहिल्याचे उत्तर देतो.

दुसऱ्या प्रश्नास लॅम्पसन यांच्या १९७१ च्या निबंधापासून कोष्टकाचे रूप मिळाले. एका बाजूस कर्ते, दुसऱ्या बाजूस वस्तू व प्रत्येक घरात अनुज्ञात क्रिया. व्याकरणाच्या अभ्यासकास ही रचना परकी वाटू नये. परंतु कर्ते सहस्रावधी झाले की असे कोष्टक सांभाळणे दुष्कर होते. म्हणून फेरायोलो व कून यांनी १९९२ मध्ये अधिकार व्यक्तीस न देता भूमिकेस देण्याची पद्धती मांडली. लिपिक बदलला तरी ‘लिपिक’ ही भूमिका कायम राहते.

सोय मोठी खरी, पण तिच्या भरात कर्माचा विसर पडतो. ‘विद्यार्थी गुणपत्रिका पाहू शकतो’ हा नियम निर्दोष दिसतो. मात्र गुणपत्रिका कोणाची? पत्त्यातील १०२४ हा क्रमांक पुसून १०२५ लिहिताच दुसऱ्याचे गुण समोर आले, तर भूमिका यथायोग्य असूनही व्यवस्था फसली. पडद्यावरील बटण लपविणे हा तर निव्वळ देखावा होय. प्रत्येक मागणीच्या वेळी सर्व्हरनेच त्या विशिष्ट वस्तूवरील अधिकार तपासावा व स्पष्ट अनुज्ञा नसेल तेथे नकार द्यावा, ही तत्त्वे सॉल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्येच नोंदविली होती. तरीही ‘ओवॅस्प’ संस्थेच्या दोषसूचीत प्रवेश-नियंत्रणातील उणीव २०१७ मध्ये पाचवी होती, ती २०२१ मध्ये पहिली ठरली.